नागीण गेली, आग राहिली: ॲमिट्रिप्टिलिन आणि नॉरट्रिप्टिलिन, माझा सव्वा वर्षाचा अनुभव

मी सांगलीत गावभागात राहते. ब्लाउज शिवते, तेहतीस वर्षं झाली. मला डिप्रेशन नाही, कधी नव्हतं. तरी गेलं सव्वा वर्ष मी रोज रात्री डिप्रेशनची म्हणून ओळखली जाणारी गोळी घेते, आणि ती घेते नागिणीनंतर मागे राहिलेल्या दुखण्यासाठी. डॉक्टरांची चिठ्ठी हातात आहे पण गोळी तोंडात टाकायचा धीर होत नाही, अशा माणसासाठी हे लिहिते आहे. मी स्वतः तशीच अडून बसले होते आणि त्यात माझे दीड महिने वाया गेले.

२०२३ साली अधिक श्रावण आला होता. निज श्रावणात नागपंचमी झाली आणि तीन-चार दिवसांनी माझ्या उजव्या बगलेखाली, बरगडीवर जळजळ सुरू झाली. दिवसभर मशीनवर वाकून बसते म्हणून आखडलं असेल असं वाटलं, बाम चोळला. मग पाठीपासून छातीखालपर्यंत पाण्याच्या फोडांची पट्टी उठली. शेजारच्या काकू बघायला आल्या आणि म्हणाल्या, "नागपंचमीला कात्री चालवलीस ना? चिरू-शिवू नये त्या दिवशी." मी त्या दिवशी खरंच शिवायला बसले होते, गौरी-गणपतीची गिऱ्हाइकं होती. ते बोलणं मला फार लागलं. दुखणं एका बाजूला आणि आपल्याच हाताने ओढवून घेतलं ही टोचणी दुसऱ्या बाजूला. गेरू लावून झाला, एकाकडून मंत्र टाकून घेतला. या सगळ्यात चार दिवस गेले.

हे चार दिवस मला आजही सलतात. नागीण म्हणजे लहानपणच्या कांजिण्यांचाच विषाणू. तो नसांच्या मुळाशी झोपून असतो आणि वय वाढलं, प्रतिकारशक्ती कमी झाली की उठतो. फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत विषाणूवरची गोळी सुरू झाली तर फायदा सगळ्यात जास्त. मला ॲसायक्लोव्हिर मिळालं, ८०० मिलिग्रॅम, दिवसातून पाच वेळा, सात दिवस. पण मिळालं ते पाचव्या दिवशी. तोंड-शेपूट जुळलं की माणूस दगावतो, ही भीतीही खोटी आहे. एका बाजूची नस त्याच बाजूच्या कातडीला जाते, म्हणून फोड मधली रेघ ओलांडत नाहीत. हे पहिल्या दिवशी कोणी सांगितलं असतं तर मी मंत्रवाल्याकडे न जाता दवाखान्यात गेले असते.

तीन आठवड्यांत खपल्या पडल्या. आग तशीच राहिली.

ही आग समजावून सांगणं अवघड आहे, पण कापडाच्या भाषेत मला सांगता येईल. जोरात दाबलं तर फार दुखायचं नाही. हलका स्पर्श मात्र सहन व्हायचा नाही. पदराचा काठ घासला की तापलेली इस्त्री टेकवल्यासारखं व्हायचं. पंख्याच्या वाऱ्याने गाऊन हलला तरी मी दचकायचे. मधेच सुई घुसून वर निघावी तशी कळ यायची. ब्लाउज शिवणाऱ्या बाईला ब्लाउज घालता येईना. ह्यांचे धुऊन धुऊन विरलेले बनियन मी उलटे करून घालत होते, शिवण बाहेर राहावी म्हणून. रात्री उजवीकडची चादर उशीवर टाकून तंबूसारखी उचलून धरायची आणि तसंच पडायचं. झोप दोन तासांच्या वर नाही.

जवळच्या एका दवाखान्यातून मला "नसांची गोळी" मिळाली. पुष्कळ वाचकांच्या घरात ही गोळी असेल. पट्टीवर बारीक अक्षरात दोन नावं होती, प्रिगॅबालिन ७५ आणि नॉरट्रिप्टिलिन १०. त्यातलं काय कशासाठी आहे हे मला कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. गोळीने थोडं बरं वाटत होतं, पण सकाळी डोकं गरगरायचं. एकदा पायमशीनवर तोल गेला आणि सुई तर्जनीच्या नखातून आरपार गेली.

दिवाळीच्या पंधरा दिवस आधी मी नवी पट्टी घ्यायला मेडिकलमध्ये गेले. तिथल्या माणसाने पट्टी हातात घेऊन सगळ्यांसमोर मोठ्याने विचारलं, "ताई, डिप्रेशनची गोळी आहे ही. कोणासाठी?" माझ्यामागे माझी दोन गिऱ्हाइकं उभी होती. मी पट्टी तिथेच ठेवली आणि घरी आले. त्या रात्रीपासून गोळी बंद. पुढचे चार-पाच दिवस मळमळ, घाम, आणि डोळ्याला डोळा नाही. दुखणं पहिल्यापेक्षा जोरात परत आलं. दिवाळीचे बासष्ट ब्लाउज मी दुसरीकडे देऊन टाकले. औषध देणाऱ्याने एवढं तरी करावं, नाव हळू आवाजात घ्यावं आणि "अचानक बंद करू नका" एवढं म्हणावं.

माझी मुलगी बी.फार्म. आहे, पुण्यात नोकरी करते. तिने फोनवर माझ्याकडून पट्टीवरची नावं वाचून घेतली आणि म्हणाली, "आई, अगं, तुला वेडी ठरवून दिलेली नाही ती. दुखण्यावरच दिली आहे. पण मध्येच सोडलीस कशी?" मग तीच रजा काढून आली आणि मला मिरजेला नसांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली.

त्या डॉक्टरांनी माझ्यासाठी वीस मिनिटं काढली. आधी विचारलं, "काकू, शून्य ते दहामध्ये किती दुखतं?" मी म्हटलं आठ. मग त्यांनी कापसाच्या बोळ्याने बरगडीवर हळूच स्पर्श केला आणि मी खुर्चीतून उठलेच. ते म्हणाले, फोड उठून तीन महिने उलटले तरी आग राहिली की तिला पीएचएन म्हणायचं, म्हणजे नागिणीनंतरचं नसेचं दुखणं. कातडी भरून आली, पण नस जखमी झाली आहे आणि ती विनाकारण मेंदूला निरोप धाडते आहे.

मी म्हटलं, "मशीनवरचा पाय उचलला तरी चाक थोडा वेळ फिरतं, तसं?"

ते म्हणाले, "तसंच. फक्त तुमचं चाक थांबायला तयार नाही. तुम्ही काय करता अशा वेळी?"

"चाकावर तळवा ठेवते."

"मग हा तळवा समजा." मेंदूतून मणक्यात खाली येणाऱ्या काही वाटा असतात, त्यांचं कामच वरती चाललेले दुखण्याचे निरोप दाबणं हे आहे. त्या वाटांवर नॉरॲड्रेनलिन आणि सेरोटोनिन ही रसायनं चालतात. ही गोळी, म्हणजे त्यांनी लिहून दिलेलं ॲमिट्रिप्टिलिन, ती रसायनं लवकर शोषली जाऊ देत नाही, त्यामुळे तळव्याचा दाब टिकतो. मनःस्थितीवर याच रसायनांनी परिणाम होतो म्हणून १९६१ मध्ये ॲमिट्रिप्टिलिन डिप्रेशनसाठी बाजारात आलं. पण दुखण्यावर चालायला मन उदास असावंच लागतं असं नाही. नैराश्यासाठी लोक ७५ ते १५० मिलिग्रॅमपर्यंत घेतात, मला सुरुवात १० ने करायची होती.

माझ्या मनातली अढी यानेच सुटली. मुलीने नंतर मला एक जुना अभ्यासही वाचून दाखवला. कॅनडातल्या वॉटसन नावाच्या डॉक्टरांनी १९८२ मध्ये नागिणीनंतर आग राहिलेल्या २४ जणांना ॲमिट्रिप्टिलिन देऊन पाहिलं. १६ जणांना चांगला आराम पडला, आणि त्यातल्या बहुतेकांना नैराश्य नव्हतंच. म्हणजे मेडिकलमध्ये मी लाजेने मान खाली घातली त्याच्या चाळीस वर्षं आधी हे माहीत होतं.

गोळी सुरू करण्याआधी डॉक्टरांनी ईसीजी काढायला लावला, कारण ही जात हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करू शकते. काचबिंदू आहे का विचारलं. लघवी अडते का विचारलं, पुरुषांना प्रोस्टेटमुळे तो त्रास असेल तर ही गोळी तो वाढवते. घरात असलेली ट्रॅमाडॉलची पट्टी बाजूला काढायला सांगितली, दोन्हींनी मिळून सेरोटोनिन जास्त वाढू शकतं. तुमच्या डॉक्टरांनी हे विचारलं नाही तर तुम्ही आपणहून सांगा, आणि चालू असलेल्या सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून घेऊन जा.

आता मुख्य गोष्ट, गोळीने काय केलं.

पहिल्या आठवड्यात आगीवर काही नाही, झोपेवर मात्र लगेच. मी रात्री साडेदहाला घेत होते, सकाळी नऊपर्यंत डोकं कापसाने भरल्यासारखं. डॉक्टरांनी आठ वाजता घ्यायला सांगितली आणि सकाळ मोकळी झाली. एवढा एक बदल सुरुवातीलाच सांगितला असता तर बरं झालं असतं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मला वाटलं फुकट आहे, सोडावी. मुलीने रोज फोन करून सोडू दिली नाही. चौथ्या आठवड्यात एका दुपारी माझ्या लक्षात आलं की मी तासभर काज करत बसले होते आणि बरगडीची आठवणच झाली नव्हती.

त्यानंतर मी माझी मोजणी सुरू केली. शून्य ते दहा मला नीट जमत नाही, आठ आणि सहामधला फरक सांगता येत नाही. मी कापड मोजलं. पाचव्या आठवड्यात अस्तर नसलेला मलमलचा ब्लाउज, बगलेची शिवण बाहेरून घेतलेली, अर्धा दिवस घालता आला. जानेवारीत गोळी २५ वर गेली. फेब्रुवारीच्या शेवटी टू-बाय-टू रुबिया दिवसभर. अस्तराचा ब्लाउज तेव्हा तासभर. डॉक्टरांच्या वहीत मी आठवरून चारवर आले होते. आगीचा पसारा तेवढाच राहिला, धग निम्म्यावर आली. मधूनच येणारी कळ दिवसाला वीस-पंचवीस वेळा यायची ती तीन-चार वेळांवर आली, पण आली की पहिल्यासारखीच येते. तिच्यावर या गोळीचा फार जोर चालत नाही.

आणि किंमत? पैशांची म्हणाल तर दिवसाला तीन रुपयांच्या आतबाहेर. ॲमिट्रिप्टिलिन जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, जुनं आणि स्वस्त. खरी किंमत तोंडाने दिली. तोंड इतकं कोरडं की भाकरीचा घास पाण्याशिवाय उतरेना. दोरा ओठात ओला करून सुईत ओवायची माझी जन्माची सवय, थुंकीच नाही तर दोरा ओला कशाने करणार? वाटीत पाणी ठेवायला लागले. पोट साफ होईना, रात्री इसबगोल आणि सकाळी गरम पाणी हे नेमाने सुरू केलं. पाच महिन्यांत वजन चार किलो वाढलं. अंथरुणातून झटक्यात उठलं की डोळ्यांपुढे अंधारी. माझ्याहून मोठ्या वयाच्या माणसांना तर पडायची भीती आहे, घरात कोणी घेत असेल तर रात्री संडासच्या वाटेवर दिवा ठेवा.

मे महिन्यात डॉक्टरांनी मला नॉरट्रिप्टिलिन २५ वर नेलं. म्हणजे मी दिवाळीआधी लाजेने काउंटरवर ठेवून आले होते त्यातलंच एक, आता एकटं. शरीरात गेल्यावर ॲमिट्रिप्टिलिनचं जे होतं तेच हे औषध. त्याच वॉटसन यांनी १९९८ मध्ये नागिणीनंतरच्या आगीत दोन्ही शेजारी ठेवून पाहिली होती, आराम सारखा आणि त्रास नॉरट्रिप्टिलिनचा कमी. माझ्याबाबतीत अगदी तसंच झालं. आग चारवरच राहिली, तोंडाला पाणी आलं, अंधारी गेली. झोप आधीइतकी गाढ नाही. बद्धकोष्ठ आहे पण सांभाळता येतं. मला एकच निवडायला सांगाल तर झोप पार उडालेल्या माणसाने आधी ॲमिट्रिप्टिलिन, आणि पुढे त्रास झाला की डॉक्टरांना नॉरट्रिप्टिलिनबद्दल विचारावं. आपल्या मनाने अदलाबदल नको.

ड्युलोक्सेटिन ही तिसरी गोळी पण डॉक्टरांनी विचारात घेतली होती. माझं ब्लडप्रेशर तेव्हा चढलेलं होतं आणि ती ते वाढवू शकते, म्हणून थांबले. मधुमेहात तळपायांची आग होते त्यांना ती बरेचदा देतात. २०२३ मध्ये कॉक्रेनचा, म्हणजे जगभरच्या औषध-चाचण्या एकत्र तपासणाऱ्या संस्थेचा, एक मोठा आढावा आला, १७६ चाचण्या, २८,६६४ माणसं. त्यात सगळ्या प्रकारच्या जुनाट दुखण्यांत ड्युलोक्सेटिन, तेही ६० मिलिग्रॅमचा नेहमीचा डोस, सगळ्यात भरवशाचं ठरलं. डोस वाढवून जास्त फायदा दिसला नाही. आणि ॲमिट्रिप्टिलिनबद्दल त्यांनी म्हटलं की इतकी वर्षं वापरात असूनही पक्का पुरावा मिळत नाही. हे वाचून मला धक्का बसला. मी मुलीला विचारलं, मग माझं काय? ती म्हणाली, पुरावा कमी म्हणजे चाचण्या लहान आणि जुन्या, गोळी चालत नाही असं ठरलेलं नाही. तिनेच २०१५ चा दुसरा हिशोब सांगितला, तो फक्त नसांच्या दुखण्यांचा. त्यात या जुन्या जातीची गोळी साधारण चौघांनी घेतली तर एकाला, गोळीमुळेच, निम्मं तरी दुखणं कमी होतं.

चौघांत एक. हा आकडा मी मुद्दाम लिहिते. तुम्ही उरलेल्या तिघांत असाल तर त्यात तुमचा दोष नाही. पण आपण कुठल्या गटात आहोत हे पूर्ण डोसवर सहा-आठ आठवडे दिल्याशिवाय कळत नाही, आणि माझ्या ओळखीत बहुतेक जण दहा दिवसांत सोडतात. आठ आठवड्यांनी काहीच फरक नसेल तर मात्र वर्षानुवर्षं ओढत बसू नये, डॉक्टरांशी बोलून हळूहळू उतरवावी. कॉक्रेनच्या आढाव्यातल्या चाचण्याही सरासरी दहा आठवड्यांच्याच आहेत, त्यामुळे दर तीन महिन्यांनी "अजून लागते का?" हे विचारणं आपलं काम आहे. माझे डॉक्टर मी विचारायच्या आधी विचारतात, म्हणून माझा त्यांच्यावर जीव आहे.

दोन गोष्टी घाईत राहून जातील म्हणून इथेच सांगते. आमचा नातू चार वर्षांचा आहे. या गोळ्या जास्त पोटात गेल्या तर हृदयाला धोका होतो, म्हणून पट्टी देव्हाऱ्याशेजारी किंवा फ्रिजवर ठेवत नाही, वरच्या कपाटात कुलपात असते. आणि पन्नाशीनंतर घेण्याची नागिणीची लस २०२३ पासून आपल्याकडे मिळते, दोन डोस. महाग आहे. आमच्या भिशीचे पैसे मी ह्यांच्या लसीला घातले. ते नको म्हणत होते, मी ऐकलं नाही.

आता लोक विचारतात तेव्हा मी गोळीचं नाव मोठ्याने सांगते. दुकानात येणाऱ्या बायकांमध्ये एकीचे तळपाय जळतात, एकीची मान आणि खांदे सहा वर्षं दुखतात, आणि दोघींनी अशीच चिठ्ठी घडी घालून पर्समध्ये ठेवली होती. एकीने सुरू केली आहे. दुसरीला खरोखर मनाचाही त्रास आहे असं मला वाटतं. तिच्याबाबतीत डिप्रेशनची म्हणून गोळी मिळाली तरी त्यात लाजायचं काय हेच मी तिला सांगत असते. मी त्या दिवशी मान खाली घातली ती अशा बायकांचाही अपमान करूनच, हे मला उशिरा कळलं.

गेल्या महिन्यात भाचीचं लग्न झालं. मी माझ्यासाठी खणाचा ब्लाउज शिवला, काळा, लाल काठाचा. खण जाड आणि काठ करकरीत, म्हणून उजव्या बगलेत शिवण घेतलीच नाही, तिकडचा भाग अखंड कापला आणि आतून जुन्या मलमलचं अस्तर दिलं, धुतलेलं, बिनइस्त्रीचं. अक्षता पडेपर्यंत तो अंगावर राहिला, सव्वादोन तास. मग वरच्या खोलीत जाऊन रुबियाचा घातला आणि पंगतीला बसले. पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून गोळी २५ वरून १० वर आणायची आहे, सहा आठवडे बघायचं. खणाचा ब्लाउज बाहेरच लटकवून ठेवला आहे, दर रविवारी घालून घड्याळ लावणार.